वळणावरची खडी

ऑक्टोबर निम्मा सरला होता. तीन दिवस झिमझिम लागून राहिली, आणि चौथ्या दिवशी मार्सी नर्सची गाडी वळणावरून उलटी घसरत खाली गेली.

व्हेस्टा तेव्हा ओसरीत उभी होती. तिला आधी आवाज ऐकू आला. चाकं जागच्या जागी गरगरत होती आणि गोटे गाडीच्या पोटावर ताडताड बसत होते. तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी तिरपी होऊन कुंपणाच्या खांबाला टेकली होती. मार्सी दार ढकलून बाहेर पडली आणि बॅग डोक्यावर धरून, गोट्यांवरून पाय मुडपत वर आली.

"लागलं का गं?"

"मला नाही. खांबाला लागलं," मार्सी म्हणाली आणि ओसरीच्या कडेला बुटांचा चिखल खरवडत राहिली.

आत शेगडीजवळ चाकाच्या खुर्चीत ओपल बसली होती. ओपल म्हणजे व्हेस्टाची नणंद, तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. उजवा पाय स्टुलावर. साखरेच्या दुखण्यानं पोटरीवर जखम झालेली, ती वर्षभर भरत नव्हती. आठवड्यातून तीनदा मार्सी यायची, पट्टी सोडायची, जखम धुवायची, नवी बांधायची. तिनं एकदा नागा केला तरी पाय वास मारायला लागायचा.

पट्टी सोडता सोडता मार्सी म्हणाली, "बायांनो, मला बोलायला जड जातंय. पण आमच्या ऑफिसानं सांगितलंय. पहिलं हिव पडलं की या वाटेनं कुणी वर चढायचं नाही. वाट नीट करा, नाहीतर ओपलबाईंना खाली रस्त्यावर आणून ठेवा."

"आणा की खाली," ओपल म्हणाली. "पोत्यात घालून गडगडत सोडा. गोटे आहेतच खाली, थांबायची भीती नाही."

"ओपलबाई, मी चेष्टा नाही करत."

"मी तरी कुठे करते? जाऊन माझ्या भावाला विचार. रस्त्यापलीकडच्या टेकाडावर आडवा पडलाय. सगळं खोरं सांगत होतं, बाबा रे, फोडलेली खडी टाक. पण ऐकेल तर तो हॉबर्ट कसला! ओढ्यातले तुळतुळीत गोटे आणून पसरले शहाण्यानं. आणि मग त्यांनीच त्याला खाल्लं."

व्हेस्टा कपात कॉफी ओतत होती. तिचा हात हलला नाही. सात महिन्यांत हाताला सवय झाली होती.

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती व्हेस्टाच्या पोटात होती. सहा वर्षांपूर्वी हॉबर्टनं बादलीभर खडी नमुन्याला आणली होती. फोडलेली, करडी, चुनखडीची. "ही टाकू. दणकट आहे," म्हणाला होता. व्हेस्टानं बादलीत पाहिलं आणि नाक मुरडलं. "राख आणलीस होय? दारात रोज राख बघायची?" तिला ओढ्यातले गोटे हवे होते. पाऊस पडला की ते तांबडे, निळसर, पिवळे दिसायचे, कुणी धुऊन मांडून ठेवल्यासारखे. हॉबर्ट हसला. महिनाभर जुन्या ट्रकनं ओढ्याच्या खेपा केल्या आणि तिच्या दारापर्यंत रंग आणून ओतला.

मार्चमध्ये, दुपारी दोनच्या सुमाराला, तो गोठ्यात छाती धरून खाली बसला. व्हेस्टानं फोन केला. रुग्णवाहिका वीस मिनिटांत रस्त्यावर आली आणि वळणावर येऊन रुतली. पाऊस धो धो. माणसं ढकलत होती, चाकाखाली फळ्या घालत होती, आणि हॉबर्टचं डोकं मांडीवर घेऊन व्हेस्टा वरून गोटे उडल्याचा आवाज ऐकत होती. अखेर दोघं जण स्ट्रेचर उचलून पळत वर आले. तोवर त्याचे ओठ निळे पडले होते.

मातीच्या दिवशी, जेवणाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "हॉबर्टचा हट्ट त्यालाच नडला." व्हेस्टाच्या हातात बटाट्याच्या सॅलडची बशी होती. ती बोलली नाही. त्या दिवशी बोलली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड झालं, आणि तिसऱ्या दिवशी त्याहून.

तेव्हापासून तो यायचा. हॉबर्टचा डावा पाय कोळशाच्या खाणीतल्या अपघातापासून ओढत पडायचा. गोट्यांवर तो चालला की एक पाऊल टक्क वाजायचं आणि दुसरं खर्रर्र करत मागून यायचं. भरदुपारी, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना व्हेस्टाला ते ऐकू यायचं. टक्क. खर्रर्र. वळणापासून वर, कुंपणापर्यंत. ती हात पुसत बाहेर जायची. वाट मोकळी. गोटे ओले किंवा कोरडे, जसा दिवस असेल तसे. तो येतो याचं तिला भय नव्हतं. एखाद्या दिवशी तो कुंपणाशी न थांबता दारापर्यंत येईल आणि काहीतरी विचारील, याचं होतं.

शनिवारी मुलगा आला. लोनी तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानात होता. त्यानं आईला गाडीत बसवलं आणि दोघं खडीच्या खाणीवर गेले.

खाणीत सगळ्यावर पांढरी धूळ होती. माणसांच्या भुवयांवरसुद्धा. पिवळ्या टोपीवाला एक जाडजूड माणूस ऑफिसातून बाहेर आला आणि लोनीशी बोलायला लागला. वाट किती लांब, चढ किती, खाली माती कसली, पाणी कुठून येतं. लोनीला निम्मं माहीत नव्हतं. व्हेस्टा सांगायची तेव्हा तो माणूस उत्तर ऐकायचा आणि पुढचा प्रश्न पुन्हा लोनीलाच विचारायचा.

"तांबडी चिकणमाती आहे," ती म्हणाली. "वळणावर वरच्या शेतातलं पाणी उतरतं."

"हं. मग दादा, खालचा थर मुठीएवढ्या दगडांचा घ्यावा लागेल. त्याच्याखाली कापड अंथरायचं, म्हणजे दगड मातीत जाणार नाही. त्यावर अक्रोडाएवढी खडी. आणि वर बारीक, कच म्हणजे दगडाचा चुरा मिसळलेली. कच ओली झाली की धरते." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, हात लांब करून तो म्हणाला, "आईंना दारापुढे शोभेला हवे असतील तर गोल गोटे तिकडे आहेत. बायकांना तेच आवडतात."

व्हेस्टा ढिगांकडे चालू लागली.

गोल गोट्यांचा ढीग पहिलाच होता. रात्रीच्या पावसानं चमकत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढे दोन ढीग होते, एक तांबूस, एक करडा. दोन्ही फोडलेल्या खडीचे. तिनं वाकून तांबडीची मूठ भरली, मग करडीची. करडी मूठ तिनं घट्ट आवळली. कडा तळव्यात रुतल्या. मूठ उघडली तेव्हा खडे एकमेकांत अडकून तसेच राहिले होते, धरायला मूठ नसतानाही.

"चावते ही," ती म्हणाली.

"चावायलाच हवी." तो माणूस मागोमाग आला होता. पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला. "हाताला चावते ती चाकाखालून पळत नाही बाई."

"आई, तांबडी घेऊ या की," लोनी म्हणाला. "घराला खुलून दिसेल."

"गोठणं-वितळणं सोसेल का ही?" व्हेस्टानं त्या माणसाला विचारलं.

"तांबडी? दोन हिवाळ्यांत पीठ."

"मग करडी."

"राखेसारखी दिसते गं," लोनी म्हणाला.

व्हेस्टानं हातातली खडी ढिगावर टाकली आणि तळवा कोटाला पुसला. "दिसू दे," ती म्हणाली.

सोमवारपासून काम लागलं. लोनीनं आठवड्याची रजा काढली. शेजारच्या टॉल स्कीन्सकडून ट्रॅक्टर आणला, मागं पातं जोडलं, आणि वरून खाली गोटे खरवडायला सुरुवात केली. पात्यातून सुटलेले गोटे व्हेस्टा फावड्यानं कडेला ओढायची. चिकणमातीचे गोळे बुटांना चिकटायचे. दर दहा पावलांनी थांबून बूट काठीनं सोलावे लागायचे. दुपारपर्यंत तिचा उजवा खांदा पेटला. ती ओसरीत येऊन उभ्यानंच मक्याचा ब्रेड आणि घेवडा खायची, ओपलला वाढायची, पुन्हा खाली उतरायची.

"मरशील," ओपल खिडकीतून ओरडायची. "मग मला पट्टी कोण बांधेल?"

"मार्सी बांधेल. वाट झाली की."

जसजसे गोटे हलत होते तसतशी वरची वाट मुकी होत चालली. सोमवारी कुंपणाजवळची गेली. मंगळवारी मधली. मंगळवारी दुपारी फावडं टेकून ती उभी होती तेव्हा त्याचं पाऊल वाजलं, पण खाली, वळणाच्या आसपास. टक्क. खर्रर्र. गोटे उरले होते तेवढ्याच जागेत फिरत होतं, पुढे-मागे, पुढे-मागे. तिनं लोनीकडे पाहिलं, तो ट्रॅक्टर बंद करून थर्मासमधली कॉफी पीत होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

बुधवारी सकाळी पातं वळणावर आलं, आणि दुसऱ्याच ओढीला काहीतरी कडकन उचललं गेलं. लोनी खाली उतरला. चिखलातून एक फळी वर आली होती, गोठ्याच्या दाराची, हिरव्या रंगाची. एका टोकाला चाकानं घासून खड्डा पडला होता. मार्चमध्ये कुणीतरी गोठ्याचं दार मोडून ती रुग्णवाहिकेच्या चाकाखाली घातली होती, आणि चाकानं ती तशीच जमिनीत दाबली होती.

लोनीनं फळी उचलली. अंगठ्यानं तिच्यावरचा चिखल पुसत राहिला.

"बाबांनी लोकांचं ऐकायला हवं होतं आई," तो म्हणाला. "एवढा कसला हट्ट माणसाला."

व्हेस्टानं फावडं जमिनीत रोवलं. दांड्यावर दोन्ही हात ठेवले.

"हट्ट त्याचा नव्हता."

"काय?"

"त्यानं करडीच आणली होती नमुन्याला. गोटे मी मागितले. मला दिसायला छान हवे होते."

लोनी तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या टोपीच्या कडेवरून घामाचा थेंब गळला.

"सगळे बोलत होते तेव्हा..."

"हो."

"ओपलआत्या रोज बोलते. तुझ्यासमोर."

"हो."

त्यानं फळी खाली ठेवली नाही. ती तशीच घेऊन तो उतरत गेला, रस्त्यावर लावलेल्या आपल्या गाडीत टाकली आणि निघून गेला. ट्रॅक्टर वळणावर तिरपा उभा राहिला. व्हेस्टानं उरलेले गोटे हातानं ओढले. संध्याकाळपर्यंत ओढत होती.

गुरुवारी तो आला नाही. वाट उकरलेली, म्हणून मार्सीही येणार नव्हती. मार्सीनं दाखवलं होतं तशी ओपलची पट्टी व्हेस्टानंच सोडली. कोमट पाण्यात कापूस बुडवला.

"पोरगा कुठाय?" ओपलनं विचारलं.

"गेला."

"काय म्हणालीस त्याला?"

व्हेस्टानं मान वर केली नाही. कापूस पिळला. "गोटे मी मागितले होते, ते सांगितलं."

ओपलनं खुर्चीचा हात घट्ट धरला. मग ती म्हणाली, "सांगितलंस एकदाचं."

व्हेस्टाचा हात थांबला.

"मला ठाऊक होतं," ओपल म्हणाली. "गोटे आणायच्या आधीच फोन केला होता त्यानं. म्हणाला, व्हेस्टाला गोल हवेत. मी म्हटलं, येडा आहेस का, गाडी चढेल का त्यावर? तर हसला. म्हणाला, बावीस वर्षं खाणीत नुसतं काळं बघितलंय ओपल, दारात जरा रंग असला तर मलाही बरं वाटेल."

"तुला ठाऊक होतं. आणि सात महिने त्याला शिव्या घालत होतीस?"

"तू बोलतेस का ते बघत होते. सुरुवातीला रागानं. म्हटलं, बघू किती दिवस गिळतेस. नंतर सवय लागली."

"ओपल!"

"मग कुणाला देऊ शिव्या? तुला? तुला दिल्या असत्या तर माझा पाय कुणी धुतला असता?" ओपलचा आवाज चिरकला. "मेलेला माणूस बरा. ऐकून घेतो."

व्हेस्टानं वाडगं तसंच जमिनीवर ठेवलं आणि बाहेर पडली. ओल्या, उघड्या मातीवरून ती वळणापर्यंत गेली. बूट नव्हते, घरातल्या सपाता होत्या, त्या पहिल्या चार पावलांत रुतून राहिल्या. ती मोज्यांनिशी उभी राहिली. एकही गोटा उरला नव्हता. ती कान देऊन थांबली. पलीकडे ओढ्याचं पाणी वाहत होतं, कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, दूर महामार्गावर ट्रक गेला. पाऊल वाजलं नाही. वाजायला काही राहिलंच नव्हतं. तिला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. तिथंच चिखलात बसून ती रडली. हॉबर्ट गेला त्या दिवशीसुद्धा ती इतकी रडली नव्हती.

मग परत येऊन, पाय धुऊन, तिनं ओपलची पट्टी बांधून पुरी केली. ओपलनं एकदा तिच्या केसातली मातीची खपली काढून टाकली.

शुक्रवारी टॉल स्कीन्सचा ट्रक पहिली खेप घेऊन आला. ट्रकच्या पायरीवर लोनी उभा होता. उतरला, आईकडे पाहिल्या न पाहिल्यासारखं केलं आणि कापडाची गुंडाळी खांद्यावर घेतली. दोघांनी कापड अंथरलं, कडेला खिळे ठोकले. टॉलनं मागचं दार बेतानं सोडून ट्रक पुढे घेतला, तसा मुठीएवढा दगड धडधडत कापडावर पसरत गेला. रोलर फिरला. दगड एकमेकांत कचाकच बसायला लागले.

दुपारी, दुसऱ्या थराची अक्रोडाएवढी खडी पडत असताना, टॉल दाताळ्यावर रेलून म्हणाला, "असं काम हॉबर्टनं तेव्हाच केलं असतं ना व्हेस्टाबाई... भला माणूस, पण डोकं दगडाचं. जाऊ दे, गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं."

"बोल की," व्हेस्टा म्हणाली. "पण नीट बोल. हॉबर्ट हीच खडी आणणार होता. गोटे मी मागितले होते."

टॉलनं टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "बाई, मी आपलं सहज..."

"सगळेच सहज बोलत होते. मी ऐकून घेत होते. संध्याकाळी दुकानात बसशील तेव्हा सांग सगळ्यांना. मी सांगितलं म्हणून सांग."

लोनी चार हातांवर खडी ओढत होता. त्याचं दाताळं थांबलं होतं. टॉल ट्रककडे गेल्यावर तो तिच्या बाजूला आला आणि बुटानं वळणाची बाहेरची कड दाबून बघितली.

"इथे आणखी एक थर टाकू," तो म्हणाला. "पाणी इथंच उतरतं."

"टाकू."

थोडा वेळ दोघंही ओढत राहिले.

"मी दोन दिवस हिशेब करत होतो," तो मान खाली घालूनच म्हणाला. "ही खडी असती तर गाडी किती मिनिटांत वर आली असती."

"मग?"

"मग काय. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणतात, वाचलेही असते, नसतेही. कुणी सांगू शकत नाही." त्यानं दाताळं आपटून त्यात अडकलेला दगड काढला. "राग गेला नाहीये माझा आई."

"घाई नाही," व्हेस्टा म्हणाली. "पण पुढच्या आठवड्यात जेवायला ये. रागासकट ये."

तो हसला नाही, पण हो म्हणाला.

शनिवारी कच पडली. ओली करून, मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरती ठेवून, रोलर सहा वेळा फिरवला. खरवडलेले गोटे टॉलनं मागून घेतले. त्याच्या गोठ्यामागं पाणी तुंबायचं, तिथल्या चरात भरायला. "नीट घेऊन जा," एवढंच व्हेस्टा म्हणाली, आणि शेवटची खेप जाईपर्यंत ओसरीत उभी राहिली.

मंगळवारी पहिलं हिव पडलं. गवत पांढरं झालं होतं. व्हेस्टा भांडी घासत होती आणि दारावर टकटक झाली तेव्हा दचकली. मार्सी आत आली, हात चोळत. "अहो, कळलंसुद्धा नाही चढ आला कधी!" ती म्हणाली. तिनं पट्टी सोडली, जखमेची कड गुलाबी झालीय म्हणाली, आणि अर्ध्या तासात गेली.

ती गेल्यावर ओपल म्हणाली, "माझा कोट काढ."

"कुठं निघालीस?"

"खाली. मार्चपासून या घरात कोंडलेय. माती झाली तेव्हा माणसांनी खुर्चीसकट उचलून नेलं होतं मला. आता ने तू."

व्हेस्टानं तिला कोट घातला, पायावर घोंगडी गुंडाळली, डोक्याला रुमाल बांधला. उतारावर खुर्ची सोडायची नव्हती, म्हणून ती पुढून येऊन उलट्या पावलांनी उतरायला लागली, खुर्चीचा भार छातीवर घेत. चाकांखाली खडी घट्ट होती. दोघींची तोंडं समोरासमोर, हातभर अंतरावर. सात महिन्यांत इतक्या जवळून त्यांनी एकमेकींकडे पाहिलं नव्हतं.

"म्हातारी झालीस," ओपल म्हणाली.

"तू तर माझ्याआधी झालीस."

वळणावर ओपलनं चाकं धरली. "इथंच?"

"इथंच."

ओपल कडेला वाकली आणि खडीवर तळवा टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. हाताला लागलेली पांढरी धूळ तिनं घोंगडीला पुसली आणि म्हणाली, "चल."

रस्ता ओलांडून त्या टेकाडाच्या पायथ्याशी आल्या. पुढे गवत होतं, हिवानं ओलं, आणि चढण. खुर्ची दोन हात गेली आणि रुतली. व्हेस्टानं ढकलून पाहिलं. मग सोडून दिलं. वर, सीडारच्या झाडाखाली, हॉबर्टचा दगड तिथून दिसत होता.

"इथून ऐकू जाईल त्याला?" ओपलनं विचारलं.

"तुझा आवाज? घरातूनसुद्धा जात असेल."

ओपलनं छाती भरून घेतली. "हॉबर्ट!" ती ओरडली. झाडावरचे कावळे उठले. ओपलनं तोंड उघडं ठेवलं, पण पुढचे शब्द काही आले नाहीत. सात महिने ज्याला बोल लावले त्याला समोर काय सांगावं ते तिला सापडेना.

"तू बोल," ती व्हेस्टाला म्हणाली. "तुझा नवरा आहे."

व्हेस्टानं कोटाच्या खिशात हात घातले. ती ओरडली नाही. समोर जेवायला बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"लोनी रागावलाय माझ्यावर. पण रविवारी येणार आहे. ओपलची जखम भरायला लागलीय. आणि हॉबर्ट, मी सगळ्यांना सांगितलंय. आता तुला कुणी काही म्हणणार नाही."

ती थांबली. वाऱ्यानं सीडारच्या फांद्या हलल्या आणि स्थिर झाल्या. उत्तर येणार नव्हतं हे तिला ठाऊक होतं. तरी पाहुणा निरोप घेईपर्यंत दारात उभं राहावं तशी ती उभी राहिली. ओपल नाक पुसून म्हणाली, "थंडी वाजतेय गं," तेव्हा तिनं रुतलेली खुर्ची गवतातून ओढून काढली, रस्त्याकडे वळवली आणि घरचा चढ चढायला लागली.